पाइन निघालं तर…

मी दगड चाटत होते, आणि नेमका तेव्हाच तो आला.

यात हसण्यासारखं काही नाही हं. आमच्या कामात सगळेच चाटतात. दगड झालेलं लाकूड कोरडं असलं की साधा धोंडा दिसतो. जरा ओलं केलं की आतल्या वर्षांच्या रेघा अशा वर येतात की बघत राहावं. पाण्याची बाटली असती तर मी बाटली वापरली असती. पण इथल्या सिग्री गावच्या वाऱ्याने आधी माझी टोपी नेली, टोपीमागे मी धावले, तेवढ्यात बाटली उताराला लागली. आजूबाजूला झाड नाही, झुडूप नाही, माणूस तर नाहीच. म्हटलं, कोण बघतंय… आणि लावली जीभ.

"भूक लागलीय का?" मागून आवाज आला. "गाडीत चीज आहे. दगडापेक्षा बरंच मऊ लागेल."

मी वळले. रस्त्याकडेला जुनी पिकअप, तिच्यात दुधाचे रिकामे कॅन, आणि दाराला टेकलेला एक उंच मुलगा. हातात माझी टोपी. चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न चालला होता बिचाऱ्याचा, पण डोळे काही त्याचं ऐकत नव्हते.

"मी काम करतेय," मी म्हटलं.

"ते दिसलंच. चव कशी आहे?"

"खारट."

"म्हणजे इथलाच." त्याने टोपी पुढे केली. "म्युझियममधून कोणी बाई येणार म्हणून सकाळपासून वाट बघतोय. ती बाई तुम्हीच असाल तर… आधीच सांगा, माझ्या जमिनीचा निकाल पण असाच चाटून लावणार का?"

माझे कान तापले. मी दगड होता तिथे नीट ठेवला. आमच्या बेटाच्या या टोकाला दगड झालेल्या झाडांतला खडासुद्धा उचलायचा नाही, हा नियम इथल्या पोरांना दुधाबरोबर पाजतात. मग ऐटीत टोपी घातली, आणि वाऱ्याने ती पुन्हा उडवली. या वेळी त्याने ती हवेतच झेलली.

त्याचं नाव इग्नातिस.

त्याच्या माळावर एक झरा होता, झऱ्याकाठी अंजिराचं झाड, आणि अंजिराजवळ त्याने चीजघराचा पाया खणायला घेतला होता. कमरेएवढ्या चरात एक अख्खा बुंधा आडवा पडलेला. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी डोंगर फुटला, राखेखाली जंगलच्या जंगल गाडलं गेलं, त्यातलाच हा एक. आता राखाडी, गार आणि ठणठणीत दगड.

"बाबा गेल्यापासून मेंढ्या मीच बघतो," तो म्हणाला. "दूध दुसऱ्यांना घालतो, ते त्याचं चीज करतात, तेलात मुरवतात, वर माझ्याच आईला विकतात. आईच्या हातचं खाल्लंत तर कळेल. म्हटलं, स्वतःचं चीजघर बांधू. कोकरं झाली की दूध सुरू होईल, त्याआधी छप्पर पडायला हवं. तर हे महाशय मध्ये आडवे." त्याने बुंध्यावर हात ठेवला, एखाद्या हट्टी मेंढीच्या पाठीवर ठेवावा तसा. "काय होणार याचं?"

"कुठलं झाड आहे त्यावर आहे. सिकोया निघालं तर उचलून आमच्या आवारात नेऊ. सिकोया आमच्याकडे कांद्याबटाट्यासारखे पडलेत."

"आणि पाइन निघालं तर?"

"डोंगराच्या या अंगाला पाइन अजून मिळालेलं नाही. निघालं तर ते इथेच राहील. वर छप्पर, भोवती कुंपण."

"छप्पर पडेल, पण माझं नाही." तो हसला, पण अर्धंच. "माझे एक मामा आहेत मेलबर्नला. बेकरी आहे त्यांची. दर आठवड्याला फोन करतात, ये म्हणून. ऑक्टोबरअखेरीस, सेंट दिमित्रीच्या सणाला, त्यांना शेवटचं काय ते सांगायचंय. म्हणजे हिशेब सोपा आहे. सिकोया निघालं तर चीज, पाइन निघालं तर मेलबर्न."

खरं सांगते, तोवर त्याची माझी ओळख तासाभराचीही नव्हती. तरी मेलबर्न ऐकून मी वहीत तारीखच चुकीची लिहिली. मी म्हटलं, उन्हामुळे असेल.

"बघून सांगता येत नाही?" त्याने विचारलं.

"नाही. तीन बाजूंनी कापावं लागतं. आडवं, उभं, आणि गाभ्यातून सालीकडे. प्रत्येक बाजूचा पापुद्रा काढायचा, काचेवर चिकटवायचा, उजेड आरपार जाईपर्यंत घासायचा. मगच आतलं दिसतं."

"तीन बाजू! माणसांना पण एवढं तपासता का?"

"छे. माणसं मी चाटून—"

बोलून गेले. जीभ चावली, पण उशीर झाला होता. तो नुसता अंजिराकडे बघत राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते.

खणताना बुंध्याच्या ढलप्या निघाल्या होत्या. आमच्या पद्धतीप्रमाणे मी त्या एका पेटीत घालून त्याच्याच ताब्यात दिल्या, आणि एक तेवढी बरोबर घेतली. "लागेल तशी पुढची मागवीन," मी म्हटलं.

"मागवा," तो म्हणाला. "मी आणून देईन."

पहिली काच तयार झाली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि मला घामच फुटला.

मी अयासोची. बेटाच्या पूर्वेला, पाइनच्या जंगलाखाली आमचं गाव. माझे बाबा पाइनला खाचा पाडून राळ गोळा करायचे. त्यांच्या हाताला कायम राळेचा वास, साबणाने धुतला तरी न जाणारा. त्या वासाच्या हाताने त्यांनी मला भरवलंय. आणि आता त्या काचेत, कित्येक वर्षांच्या रेघांमधून, राळ वाहायच्या नळ्या दिसत होत्या. गोल, सुट्या सुट्या, जागच्या जागी. सिकोयाला जखम झाली तर त्यालाही नळ्या येतात, पण त्या ओळीने. या ओळीने नव्हत्या.

एरवी मी आनंदाने खुर्चीवरून उडी मारली असती. त्या दिवशी मी काच उलटी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो हजर. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"आईने दिलंय. तेलातलं चीज. काय निघालं?"

"एका बाजूवरून काही सांगता येत नाही," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. अगदी खरंही नव्हतं. "राळेच्या नळ्या स्प्रूसच्या झाडालाही असतात. दुसरी बाजू बघायला हवी. एक ढलपी लागेल."

"आणतो की."

तो ढलपी आणायचा, तर ती बरोबर आकाराची नसायची. "जरा गाभ्याजवळची हवी होती." मग तो दुसरी आणायचा. कधी दोन घेऊन निघायचा आणि एक घरीच विसरायचा. "आता काय करू, पुन्हा यावं लागेल," असं म्हणताना चेहरा असा पाडायचा की कोणालाही दया यावी. चीजबरोबर अंजिरं आली, अंजिरांबरोबर सार्डिन. मी घासायच्या चाकावर बसले की तो शेजारच्या स्टुलावर बसून मेंढ्यांच्या तक्रारी सांगायचा. सगळ्यांना नावं होती. एकीचं नाव त्याने मध्येच बदलून मिर्सिनी ठेवलं.

"माझं नाव मेंढीला?"

"फार हुशार आहे ती. शिवाय समोर येईल ते चाटते."

मी ओला चिखलाचा हात त्याच्या बाहीला पुसला. तो हलला नाही. मीही हात लगेच काढला नाही… तेवढं एक.

दुसरी काच त्याने स्वतः पाहिली. मी शेजारी उभी राहून सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवत होते, त्याच्या केसांना उन्हाचा आणि लोकरीचा वास होता, आणि मी चाक जरा जास्तच फिरवलं.

"अहो," तो म्हणाला, "या तर गाभण मेंढ्या."

"काय?"

"या बघा ना. सगळ्या बारीक बारीक, लांबट. आणि मध्येच एखादी पोट सुटलेली."

मी वाकून पाहिलं. लाकडातल्या आडव्या पेशींच्या त्या लांबट रांगा, आणि पोट सुटलेल्या प्रत्येकीत एक राळेची नळी. शिकताना आम्हाला कोणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. मी खळखळून हसले, तोही हसला, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की पाइनकडे अजून एक पाऊल पडलंय. माझं हसू तिथेच थांबलं.

"काय झालं?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही. तिसरी बाजू बघायची राहिलीय."

तिसरी बाजू मी मुद्दामच राहू देत होते. स्प्रूस की पाइन ते तिथेच ठरतं. पाइन असेल तर पेशींच्या भिंतीत खिडक्यांसारखी मोठी छिद्रं दिसतात. मला खिडक्या बघायच्याच नव्हत्या.

आमच्या प्रमुख पोलिक्सेनीबाई. चष्मा नाकाच्या टोकावर, नजर माणसाच्या आरपार. एके दिवशी कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मिर्सिनी, पोरी, एका झाडाला एवढे दिवस?"

"तिसरी काच नीट येत नाहीये, बाई. तडकते सारखी."

"असं." त्यांनी टेबलावरच्या चीजचा तुकडा तोंडात टाकला. "मुलगा बरा आहे. चीज त्याहून बरं आहे. पण ताकाला जाऊन भांडं लपवू नये माणसाने. तुला पहिल्या काचेतच कळत असतं काय ते. मी काही बघितलेलं नाही, बघणारही नाही. तू जे सांगशील त्यावर मी सही करणार. सणाच्या आत सांग म्हणजे झालं."

त्या गेल्या, आणि माझी झोप उडाली. त्यांनी तपासते म्हटलं असतं तर सोपं होतं. आता सगळं माझ्या एका शब्दावर आलं. सिकोया म्हटलं की बुंधा उचलला जाईल, चीजघर होईल, आणि तो इथेच राहील. रोज नाही तर निदान आठवड्याला तरी दिसेल. कोणाचं काय बिघडणार होतं? झाड मेलेलं. ते थोडंच उठून सांगणार होतं, मी पाइन आहे म्हणून.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी चाकावर बसले आणि तिसरी काच घासली. तडकली नाही. मेली पहिल्या फटक्यात सुंदर आली. खिडक्याच खिडक्या. लखलखीत, चौकोनी, एकीशेजारी एक.

मी खूप वेळ बघत बसले. मग का कोण जाणे, स्वतःचे हात हुंगले. बाबांची राळ आठवली, धुतली तरी न जाणारी. खोटं बोलले असते तर त्याने रोज आणलेल्या चीजला आयुष्यभर तो चिकटा लागला असता. मी काच फडक्यात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि निघाले.

वाटेतच पाऊस लागला. माळावर पोचले तेव्हा वारा पडला होता आणि सरळ, बारीक सरी येत होत्या. तो अंजिराखाली खोक्यावर बसला होता, अर्धा भिजलेला. चरातल्या बुंध्यावर पाणी पडत होतं आणि दगडातून सगळी वर्षं वर आली होती… मधासारखी पिवळी, विटकरी, तांबूस. आज चाटायची गरज नव्हती.

मी प्रस्तावना केली नाही. केली असती तर बोलूच शकले नसते.

"पाइन आहे."

तो उठून उभा राहिला. "तिसरी बाजू पाहिलीत?"

"पाहिली."

"नक्की?"

"नक्की. मला माफ करा. मी… उद्या मामांना फोन करायचा असेल ना तुम्हाला."

"रडताय का?"

"पाऊस आहे."

"पाऊस नाकातून वाहत नाही," तो म्हणाला, आणि खिशात हात घातला. मला वाटलं रुमाल काढतोय. त्याने मूठ काढली, माझा हात धरला आणि तळव्यावर काहीतरी ठेवलं. जड, गार, खवल्याखवल्यांचं. दगड झालेला शंकू, झाडाला फळासारखा लागतो तो. पाइनचा.

"पहिल्याच दिवशी फावड्याखाली आला. बुंध्याला लागून होता. मेंढपाळ असलो तरी पाइनचा शंकू ओळखतो मी."

मी शंकूकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा शंकूकडे.

"म्हणजे तुला… पहिल्या दिवसापासून…"

"मला 'तू' म्हणालात."

"विषय बदलू नकोस. इतके दिवस खिशात? इथला खडा उचलायचा नसतो हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. पण हा दिला असता तर तू तो घेऊन, थँक्यू म्हणून, निघून गेली असतीस. मग मी चीज कोणाला नेऊन दिलं असतं?"

मला राग यायला हवा होता. मी प्रयत्नही केला. "आणि मी मूर्खासारखी… मला पहिल्याच काचेत कळलं होतं. तू जाशील म्हणून सांगत नव्हते."

आता बघत राहायची पाळी त्याची होती. पाऊस पडत होता, आणि आम्ही दोघं आपापली चोरी हातात घेऊन उभे होतो. इतके दिवस अळीमिळी गुपचिळी, आणि तीही एकाच गोष्टीची. मग एकदमच दोघांना हसू फुटलं.

"बरं, पण एक सांगते," मी डोळे पुसत म्हटलं. "तुला काहीच माहीत नव्हतं. बुंध्याशेजारी शंकू मिळाला म्हणून बुंधा पाइनचा ठरत नाही. सिग्रीचा वारा तेव्हाही असेल. कुठून तरी उडून आला असता सिकोयाच्या पायाशी."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी उगाचच खालच्या खळ्यात पायासाठी खडक फोडत बसलो?"

"कुठल्या खळ्यात?"

त्याने बोट केलं. झऱ्याच्या खाली, उतारावर, त्यांचं जुनं गोल खळं होतं. त्याच्या एका कडेला खडक फोडून चर खणलेला दिसत होता, आणि झऱ्यापासून तिथवर पाण्याचा पाइप टाकलेला.

"पाइन आहे म्हणजे इथलं गेलंच, असं धरून चाललो होतो. खाली नुसता खडक आहे. एकट्याने कोकरं व्हायच्या आत होणार नाही. दोघांनी मिळून कदाचित…" तो थांबला. केसातून पाणी ओघळत होतं, ते त्याने पुसलं नाही. "मामांना अजून काही सांगितलेलं नाही. झाडाचं उत्तर मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. मी दुसऱ्याच उत्तराची वाट बघत होतो. ते आलं नसतं तर मात्र खरंच गेलो असतो. रोज तुझ्या म्युझियमकडचा रस्ता बघत इथे राहणं जमलं नसतं मला."

"आणि मी सिकोया म्हटलं असतं तर? खोटंच?"

"विचार आला होता?"

"काल दिवसभर होता."

"मग आधी मी खूश झालो असतो. माझ्यासाठी खोटं बोललीस म्हणून." तो जरा हसला. "आणि नंतर रोज दूध तापवताना हा खिशात टोचला असता."

मी शंकू घट्ट धरला.

"मेलबर्नला जाऊ नकोस, इग्नातिस."

"हे म्युझियमचं मत?"

"माझं," मी म्हटलं. "तिन्ही बाजूंनी बघून सांगतेय."

मग तो वाकला, की मी टाचा उंचावल्या, ते आता आठवत नाही. त्याच्या ओठांना पावसाची चव होती आणि थोडी दगडाची. मी यायच्या आधी तो शंकू चाटून बघत बसला होता म्हणे. "तुला त्यात काय मिळतं ते बघायचं होतं," म्हणाला.

सणाच्या दिवशी सकाळी मी तिन्ही काचा आणि शंकू पोलिक्सेनीबाईंच्या टेबलावर ठेवला. काचा त्यांनी एकेक करून पाहिल्या आणि मान डोलावली. मग शंकू उचलला. दिव्याखाली धरला. चष्मा वर केला, खाली केला.

"उत्तम आहे. पण ही एक बाजू बघ. तुकतुकीत. बाकीची खरखरीत, आणि एवढीच जागा अशी कशी? पाण्याने झिजलेली नाही. वाळूनेही नाही."

"नाही, बाई."

"मग काय? माझ्या उभ्या आयुष्यात मी असं…" त्यांनी अंगठा त्या तुकतुकीत जागी ठेवला. तो बरोब्बर बसला. मग त्यांनी शंकू नाकाशी नेला आणि सावकाश हुंगला.

"मिर्सिनी," त्या म्हणाल्या, "याला चीजचा वास येतोय."

मी खाली बघितलं. बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला, खळ्यावर खडक फोडायला जायचं होतं आम्हाला.

"जा," बाई म्हणाल्या. "एवढं पुसून ठेवते मी."

मी दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. त्यांनी फडकं हातात घेतलं होतं. मग ते खाली ठेवलं, आणि शंकू तसाच पेटीत ठेवला, तुकतुकीत बाजू वर करून.